स्ट्रेचरचं दार

सुट्टीचा पहिला दिवस होता. डबे भरता भरता सासूबाई म्हणाल्या, "साडेपाचची गाडी ना? सव्वापाचला पोचलो तरी चालेल. आपल्याला थोडंच रांगेत उभं राहायचंय."

सून चहा गाळत होती. स्टेशनात ती मोजणीवर होती. फलाटाच्या जिन्यापाशी उभं राहायचं, खाली जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे हातातल्या यंत्राची कळ दाबायची आणि सहाशे झाले की फाटक ओढायचं. गाडी भरून गेली की पुन्हा शून्यापासून सुरुवात. फाटकाला लागूनच एक अरुंद लोखंडी दार होतं. ते स्ट्रेचरसाठी ठेवलेलं. पण सुट्ट्यांत त्यातून आपली माणसं जात: कर्मचाऱ्यांचे मेहुणे, साहेबांचे शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे. त्यांच्यासाठी कळ दाबायची नसे. "घरच्यांना कसलं मोजायचं?" असं पर्यवेक्षक म्हणत, आणि पर्यवेक्षक तिचे थोरले दीर होते.

गेल्या सुट्टीत जिन्याच्या पायथ्याशी एक शिवणकाम करणारी बाई चेंगरून मेली. यंत्रावर आकडा होता पाचशे अठ्ठ्याऐंशी. गर्दी बेशिस्त होती, असा अहवाल झाला. दारातून किती गेले याचा अंदाज फक्त हिला होता, कारण दार हिनेच उघडून धरलं होतं. अहवालाखाली हिची सही होती.

सव्वापाचला घरची अकरा माणसं स्टेशनात त्या लोखंडी दारापुढे आली.

"उघड गं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, रांगेत या."

नणंद हसली. "वहिनी ड्यूटीवर चढल्या की माणसं विसरतात वाटतं."

"खाली साडेपाचशे झालेत."

"चारचौघांत शोभा करू नकोस," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "अकरा माणसांनी फलाट खचणार आहे का?"

"त्या दिवशीही प्रत्येक जण हेच म्हणत होता."

दीर किल्ली घेऊन आले. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो. नोकरी कोणी लावली तुला?"

"तुम्हीच, भाऊजी. मीही अशाच दारातून आत आले."

"उद्यापासून येऊ नकोस."

"बरं. आजची पाळी नऊपर्यंत आहे."

रांग टक लावून बघत होती. दिरांनी किल्ली खिशात टाकली. "घरी ये, मग बघते तुझ्याकडे," असं म्हणत सासूबाई सगळ्यांना घेऊन रांगेच्या शेपटाकडे गेल्या. नवऱ्याने मागे वळून पाहिलं नाही.

रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका मास्तरांना भरून आलं. "शाब्बास, ताई. या वशिल्यानंच वाटोळं केलंय सगळ्याचं. कोणीतरी असं उभं राहायलाच हवं होतं."

तिने मान हलवली आणि कळ दाबत राहिली. सहाशे भरले ते नेमके मास्तरांच्या पुढच्या माणसाला. तिने फाटक ओढलं.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. खाली गाडी लागल्याचा आवाज आला. ते रांगेतून बाहेर पडून दारापाशी आले आणि अगदी हळू म्हणाले, "ताई, मी एकटाच आहे हो. एका माणसानं काय होतंय?"

ती जागची हलली नाही.

मास्तरांच्या मागे आणखी दोघं येऊन उभे राहिले. तेही एकेकटेच होते.