उसन्या आवाजाचे काका

मित्रांनो, नर्सिंग कॉलेजच्या सराववर्गात खिडकीजवळच्या पलंगावर एक पेशंट वर्षानुवर्षे पडून असे. तो कधी बरा झाला नाही आणि त्याला कोणी घरीही सोडले नाही. तो जुना रबरी पुतळा म्हणजे मीच.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून डोके वेगळे निघाले, हातपाय वेगळे. एका कामगार बाईने ते जोडले, भुवया रंगवल्या आणि शेजारणीला म्हणाली, हा अगदी माझ्या थोरल्या दिरासारखा दिसतो. माझे गणगोत काय ते एवढेच. पुढे खोक्यात बसून मी कॉलेजात आलो. पहिली काही वर्षे मुली माझ्या दंडावर सुया टोचायला शिकल्या. त्या चुकत, पुन्हा टोचत, माझा दंड मात्र जागचा हलत नसे. मुली मला काका म्हणू लागल्या. परीक्षेत पास झाल्यावर एखादी येऊन माझ्या टकलावरून हात फिरवून जाई. मला ते फार आवडे.

मग मनाचे आजार शिकवणाऱ्या मॅडम आल्या. त्यांचे म्हणणे असे, की या मुलींना ताप मोजता येतो, पण खचलेल्या माणसाजवळ बसता येत नाही. ज्या चुका व्हायच्या त्या इथे होऊ देत, खऱ्या पेशंटसमोर नकोत. त्यांनी माझ्या छातीत एक स्पीकर बसवून घेतला. शेजारच्या खोलीत काचेआड बसून त्या माइकवर बोलत आणि त्यांचे शब्द माझ्या छातीतून बाहेर पडत. कधी मी कानात आवाज ऐकू येणारा तरुण असे, तर कधी बायको गेलेला म्हातारा. समोरची मुलगी खुर्ची ओढून बसे आणि मला बोलते करायला बघे.

सगळ्यांत अवघड होता एक प्रश्न. जीव नकोसा झालाय का, स्वतःचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का? तो विचारायची वेळ आली की मुली विषय बदलत. विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरेल, अशी त्यांना भीती वाटे. मॅडम समजावत, विचारल्याने तो विचार येत नाही. असलेला बोलून दाखवायला वाट मिळते.

त्या वर्गात दोन मैत्रिणी होत्या, वसतिगृहात एकाच खोलीत राहणाऱ्या. एक हसरी. तिचे नावच ते पडले होते. दुसरी वकील, कारण ती कोणत्याही गोष्टीवर वाद घाले. हसरीला हा प्रश्न फार छान जमे. ती जवळ सरकून बसे, घाई करत नसे, हलक्या आवाजात विचारे. वकिलीणबाईंचे मात्र उलटे. एकदा तिने मला विचारले, "काका, तुम्ही मरायबिरायचा विचार करत नाही ना?" सगळा वर्ग हसून लोटपोट झाला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "प्रश्न असा विचार, की समोरच्याला 'हो' म्हणायला जागा राहील."

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत हसरी एकटीच आत आली. मला वाटले, सराव करायचा असेल. पण ती खुर्चीत बसली आणि तिच्या चेहऱ्यावरचे हसू उतरले. किती आठवडे झोप नाही, वाचलेले डोक्यात शिरत नाही, हे ती सांगू लागली. घरी फोनवर ती सगळे मजेत आहे म्हणे. तिची आई शेजारीपाजारी सांगत असे, आमच्या हिची मुळी काळजीच नाही.

"काका, तुम्हाला सगळे विचारतात," ती म्हणाली. "मला कोणी विचारतच नाही." मग म्हणाली, "मी नसले तर कोणाचं काही अडणार नाही."

मित्रांनो, अशा वेळी काय बोलायचे ते मला तोंडपाठ होते. तिला एकटे सोडायचे नाही, हेही ठाऊक होते. पण काचेआड कोणी नव्हते. तिच्याकडे टक लावून बघण्यापलीकडे माझ्या हातून काही झाले नाही. तिने डोळे पुसले, माझी चादर नीट केली, हसू पुन्हा चेहऱ्यावर चढवले आणि ती निघून गेली.

दुपारच्या तासाला ती आली नाही. डोके दुखतेय, असा तिने वकीलकडे निरोप धाडला होता. सरावाची पाळी वकीलची होती. मॅडमना कशाचीच कल्पना नव्हती. त्या ठरल्याप्रमाणे माझ्या छातीतून बोलल्या, "मी ठीक आहे हो. जरा डोकं दुखतंय. तुम्ही जा तुमच्या कामाला."

वकील काहीतरी विचारायला गेली आणि थबकली. "असंच म्हणाली ती मला," ती पुटपुटली, आणि उठून थेट दाराबाहेर पळाली. मॅडमनी माझ्या छातीतून तिला दोनदा हाक मारली. मग त्याही काचेमागून बाहेर आल्या, हसरीच्या रिकाम्या जागेकडे बघितले आणि तिच्या मागे धावल्या. मी आढ्याकडे बघत पडून राहिलो. कोणी वेळेत पोचले की नाही, हे मला सांगणारे तिथे कोणी नव्हते.

ते मला दुसऱ्या दिवशी मुलींच्या बोलण्यातून कळले. हसरी खोलीचे दार लावून बसली होती. वकीलने दार वाजवून वाजवून ते उघडायला लावले. शिकवलेले एक वाक्य तिला धड आठवेना. तिने अडखळत, रडत, पण सरळ विचारले.  हसरी "हो" म्हणाली. मॅडम येईपर्यंत वकीलने तिचा हात सोडला नाही. त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे नेले. तिची आई आली. तिला म्हणे खरेच वाटेना.

हसरी उपचारासाठी घरी गेली आणि एक वर्ष मागे पडून परत आली. आता ती उठसूट हसत नाही. कधी म्हणते, आज मला बरे वाटत नाहीये, आणि कोणीतरी तिच्याजवळ बसते.

पुढे माझा स्पीकर खरखरू लागला. नवा पुतळा आला, तो म्हणे डोळेही मिचकावतो. मी आता अडगळीत आहे, मोडक्या व्हीलचेअरच्या मागे. त्याचे मला दुःख नाही. मला राहून राहून आठवते ती जेवणाची सुट्टी. वकीलच्या कानावर त्या दिवशी नेमके ते शब्द पडले नसते तर?

मित्रांनो, तुमच्याही ओळखीचे कोणीतरी उशीपाशी, भिंतीपाशी, माझ्यासारख्या पुतळ्यापाशी मन मोकळे करत असेल. आम्ही सगळे ऐकतो. पण आम्हाला उठून कोणाला बोलावून आणता येत नाही. तुम्हाला येते.