टोपीतलं समाधान

चाचणी पार पडली तर धम्मदीपला मिळण्यासारखं बरंच होतं: टीम लीडची जागा, खिडकीजवळची खुर्ची आणि कित्येक महिन्यांनी एखादी सलग झोप. नाही पार पडली, तर ज्येष्ठांसाठीचं ते बँकेचं ॲप पुन्हा पहिल्यापासून, तेही दुसऱ्या कुणाच्या हाताखाली.

हडपसरच्या त्याच्या कंपनीत शर्मिला मॅडमनी एक टोपी आणली होती. ती डोक्यावर चढवली, की स्क्रीन वापरताना माणूस वैतागलाय की खुश आहे, हे मेंदूच्या लहरींवरून कळे. "लोक तोंडावर गोड बोलतात, मेंदू नाही बोलत," मॅडम म्हणायच्या. बाई पुण्यात नव्या होत्या. इथल्या ज्येष्ठांना नुसतं विचारलं असतं, तरी खुर्चीत टेकायच्या आत सगळं कळलं असतं, आणि फुकटात.

टोपी घालायला म्हातारे मिळेनात, तेव्हा धम्मदीपनं वडिलांना गळ घातली. तात्याराव कोषागारातून निवृत्त झालेले, रोज सकाळी विहारात ध्यानाला बसणारे. तिथलेच चौघे त्यांनी सोबत आणले.

"बाबा, चिडू नका हं. चिडलात की टोपीत दिसतं," धम्मदीप हळूच म्हणाला. जागरणानं त्याचे डोळे लालभडक झाले होते.

"तुझं काही अडलंय का?"

"सगळंच."

तात्याराव बसले. पैसे पाठवायचं बटण काही सापडेना. शोधेपर्यंत वेळ संपे आणि स्क्रीन पुन्हा पहिल्या पानावर. घरी असते तर फोन सोफ्यावर आपटला असता. इथं त्यांनी श्वासाकडे लक्ष दिलं. आत येतोय, बाहेर जातोय. बाकीच्या चौघांनीही, मित्राच्या मुलासाठी म्हणून, तेच केलं.

संगणकावरच्या रेषा अगदी निवांत. "किती समाधानी युजर्स!" मॅडम भारावल्या.

लिफ्टमध्ये तात्याराव म्हणाले, "ते बटण होतं कुठं रे? मॅडमना विचारू का?"

"नको बाबा. टोपीनं सांगून झालंय."

ॲप आलं. ज्येष्ठ एवढे समाधानी म्हटल्यावर बँकेनं घराजवळच्या शाखेतली त्यांची खास खिडकी बंद केली. तात्याराव तक्रारीला गेले, तर तिथला तरुण म्हणाला, "काका, तुमच्याच वयाच्या लोकांच्या डोक्याला यंत्र लावून तपासलंय. ते तर खुश होते."

"अहो, मग सांगायचं की ते आम्हीच होतो!" घरी त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई म्हणाल्या.

"आणि पोराचं काय?"



हिशेब असा उतरला. मॅडमना बढती. बँकेचा एका माणसाचा पगार वाचला. धम्मदीप टीम लीड झाला, आणि सोबत दुसरं ॲप गळ्यात पडलं. पाचही म्हातारे आता पेन्शन काढायला दोन रिक्षा करून कॅम्पातल्या शाखेत जातात. "पोरगा चांगला आहे हो तुमचा, पण बटण काही सापडत नाही," एवढंच वाटेत कुणीतरी म्हणतं. दोन्ही रिक्षांचं भाडं तात्याराव देतात. दुसऱ्या कुणाला खिशात हात घालू देत नाहीत.