झाकण दुसऱ्या भांड्याचं

लोक तिला बशीताई म्हणत. लग्नाकार्याला जुन्या चिनी मातीच्या थाळ्या, काचेचे पेले, पितळी मेणबत्तीदाण्या भाड्याने देण्याचा तिचा धंदा होता. नवऱ्याचा टेंपो होता आणि जिभेला हाड नव्हतं. "आमच्या घरात सगळं सोन्याच्या मोलाचं," तो म्हणायचा, "फक्त आम्ही दोघं स्टीलच्या ताटात जेवतो."

माल ती घराघरांतून उचलायची. कुणाची आई गेली, कुणी घर हलवलं, की फोन यायचा. अशाच एका घरी दोन वर्षांपूर्वी एका सूनबाईंनी तिला बोलावलं होतं. पलंगाखालच्या खोक्यांत, जुन्या साड्यांत गुंडाळलेला निळ्या पाखरांचा अख्खा सेट होता. सासूबाईंचा, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांना आता त्याचा काय उपयोग, असंही म्हणाल्या. बशीताईने मनाशी धरलं की म्हातारी गेली असणार. विचारलं मात्र नाही. स्वस्तात मिळत असताना कोण विचारतं?

या मोसमात एक मुलगी स्वतःच्या लग्नासाठी थाळ्या बघायला दुकानात आली. दहा गोष्टी पाहून तिने नाक मुरडलं आणि निळी पाखरं दिसताच तिथेच थांबली. मला हाच हवा, म्हणाली. फोटो काढले, तारीख ठरवली आणि गेली.

लग्नाच्या दिवशी हॉलवर थाळ्या मांडून झाल्या, पाहुणे बसू लागले, तेव्हा नवरीची आई दारातून आत आली. बशीताईने तिला ओळखलं, तिने बशीताईला. त्या सूनबाईच होत्या. हसऱ्या चेहऱ्याने त्यांनी तिला खांबाआड नेलं आणि दात आवळून विचारलं, की हा सेट इथे कसा. तुमच्याच मुलीने निवडला, असं बशीताईने सांगितलं. बदलायला आता वेळ नव्हता. सूनबाई म्हणाल्या, घरात सगळ्यांना सांगितलंय की तो सामान हलवताना फुटला. मग मागे वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नवरीचा बाप एका म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून पहिल्या टेबलाशी आणत होता.

म्हातारी गेली नव्हती. चांगली ताठ होती, केस नीट विंचरलेले, अंगावर नवं लुगडं. खुर्चीत बसताच तिने थाळीच्या काठावरून बोट फिरवलं, मग पलीकडची थाळी जवळ ओढली.

"ही माझी," ती मुलाला म्हणाली. "नातीच्या लग्नासाठी ठेवलेली."

मुलगा हसला, आई, तुझी फुटली ना, म्हणाला. म्हातारीने मान हलवली. मधोमध सूपचं मोठं भांडं होतं, त्यावर नॅपकिन टाकलेला. ती म्हणाली, त्याचं झाकण दुसऱ्या भांड्याचं आहे. मूळचं तुझ्या बाबांच्या हातून फुटलं होतं. आताच्या झाकणावर पाखरं नाहीत, फुलं आहेत.

मुलाने नॅपकिन उचलला. झाकणावर फुलं होती.

नवरी जवळ आली. मुलाने इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीशी उभ्या बशीताईला हाक मारली. तो रागावलेला नव्हता, खरंच विचारत होता. "ताई, हा सेट तुम्ही कुठून घेतला?"

सूनबाई तिच्याकडे बघत होत्या. हॉलचा मॅनेजरही बघत होता, तिची निम्मी कामं त्याच्याच ओळखीने येत. नवरीच्या डोळ्यांत काजळ होतं आणि ते आता ओघळेल असं वाटत होतं. लग्नात विघ्न नको, असं बशीताईने स्वतःला समजावलं. खरं तर ती घाबरली होती.

"बाहेरगावच्या एका दुकानातून," ती म्हणाली. "अशी झाकणं खूप निघायची, आजी. जोडी जुळत नाही तेव्हा काही तरी बसवून देतात."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. मग तिने थाळी होती तिथे सरकवली. "असेल," ती म्हणाली. "हल्ली माझं होतं असं." आणि माफ करा म्हणून तिने हात जोडले, भर टेबलावर, सगळ्यांसमोर.

पुढचं जेवण छान झालं. सगळ्यांनी मांडणीची तारीफ केली.

त्यानंतर बशीताईला त्या सेटला हात लावावासा वाटेना. गिऱ्हाइकांना ती दुसरंच काही दाखवायची. शेवटी नवरा वैतागला, तुला त्या पाखरांनी झपाटलंय का, असं त्याने विचारलं. तिने सगळं सांगितलं. या वेळी त्याने थट्टा केली नाही. मग म्हणाला, "चल, देऊन येऊ."

सूनबाई कामावर असतील अशा दुपारी ते गेले. म्हातारीने दार उघडलं. बशीताईने खोकं समोर ठेवून सांगून टाकलं, की आजी, हा तुमचाच सेट आहे, तुमच्या सूनबाईंनी मला विकला, मी त्या दिवशी खोटं बोलले.

म्हातारीने खोक्यात पाहिलं. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"माझा असाच होता, पोरी. पण तो फुटला. मला सांगितलेलं मी विसरते." लग्नानंतर मुलाने डॉक्टरकडे नेलं, गोळ्या चालू केल्या, असं तिने सांगितलं. गॅस पेटवायचा नाही. किल्लीही काढून घेतली, एकटी बाहेर गेली नि हरवली तर?

"आजी, मी खरं सांगतेय."

"तू खोटं कशाला बोलशील त्या दिवशी? तुला काय मिळणार होतं?"

बशीताईला हॉलचा मॅनेजर आठवला.

म्हातारी तिच्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "हे घेऊन जा. लोकांचं सामान घरात दिसलं तर म्हणतील, म्हातारीने आणखी काही तरी केलं."

खोकं परत टेंपोत चढलं. बशीताईने तिथूनच म्हातारीच्या मुलाला फोन लावला आणि काहीही न लपवता सांगितलं.

मग तो म्हणाला, "मला त्याच दिवशी वाटलं होतं. झाकण बघूनच."

"मग आजींना सांगा की!"

"ताई, आता कुठे घर शांत झालंय. आईनेही मान्य केलंय. राहू दे."

त्याने फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं, काय म्हणाला. बशीताईने मान वर केली. वरच्या खिडकीत म्हातारी उभी होती आणि पाहुण्यांना निरोप द्यावा तसा हात हलवत होती.