वर धरलेली पाटी

मी एक पाटी बोलतेय. पाटी म्हटल्यावर डोळ्यांपुढे खडू आणि फडकं आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. मी जाड पुठ्ठ्याची, मधे दुमडलेली, टेबलावर छपरासारखी उभी राहणारी. माझ्या दोन्ही अंगांवर एका देशाचं नाव छापलंय. देश कसला, समुद्रातलं एवढंसं बेट. नकाशात शोधायचं तर भिंग लागेल.

माझा जन्म कॉलेजसमोरच्या छपाईच्या दुकानात झाला. कटिंग मशीनचं पातं बोथट होतं, म्हणून माझी एक कड आजही वाकडी आहे. माझ्यासोबत माझ्या चाळीस बहिणी कापल्या गेल्या. बड्या देशांच्या नावाच्या गठ्ठ्यात वर, मी तळाशी. कुणाला मान मिळणार आणि कुणाला धूळ, हे पुठ्ठ्यालासुद्धा पहिल्याच दिवशी कळतं.

आम्हाला बनवलं होतं ते अभिरूप परिषदेसाठी. म्हणजे कॉलेजची मुलं दोन दिवस कोट-टाय चढवून एकेका देशाचे प्रतिनिधी होतात, ठराव लिहितात, तावातावाने भांडतात आणि चहाच्या टेबलापाशी समेट करतात. तिथला एक नियम फार कडक. पाटी वर धरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पाटी वर गेली की अध्यक्षांनी ती बघायची आणि म्हणायचं, "बोला."

माझ्या वाट्याला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. घरी तिला छोटी म्हणत आणि कॉलेजात पुटपुटी. कोट मावशीचा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. पहिल्या दिवशी तिने मला अकरा वेळा अर्ध्यावर उचललं आणि अकरा वेळा खाली ठेवलं. तिच्या तळव्याच्या घामाने माझी शाई पुसट झाली. खरं सांगू, मला तिचा रागच आला होता. निदान एकदा तरी नीट वर धर ना गं!

विषय होता बुडत चाललेल्या बेटांचा. तिथली माणसं कुठे हलवायची? बाकीच्यांनी बोटी लिहिल्या, तंबू लिहिले, दवाखाने लिहिले. छोटीने एकच कलम लिहिलं: तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय त्यांना हलवू नये. बाराव्या वेळी तिने मला पूर्ण वर धरलं आणि ते एका दमात वाचून दाखवलं. कलम ठरावात गेलं.

तिच्याच कॉलेजचा तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा बड्या देशाचा प्रतिनिधी होता. त्याला सगळे राजदूत म्हणत, आणि तोही मनापासून 'ओ' देई. त्याने चहाच्या वेळी विचारलं, "एवढं काय गं त्या कलमाचं?"

"आमचे आजोबा आहेत ना," छोटी कपाकडे बघत म्हणाली. "चाळीस वर्षं बस चालवली त्यांनी. आता अर्धांगाचा झटका आल्यापासून बोलता येत नाही, उजवा हात उचलला जात नाही. पण कळतं सगळं. खालच्या खोलीच्या खिडकीतून रस्ता बघत बसतात. काका त्यांना दुसऱ्या शहरात न्यायचं म्हणतायत. सातव्या मजल्यावर. आजोबांना कुणी विचारलंच नाहीये."

"मग तू बोल की घरी."

"बोलायचंय. आधी इथे जमतंय का बघते."

तेव्हा माझा राग पार विरघळला. पुठ्ठ्याला काळीज नसतं असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाली. या हजेरीला दोनच उत्तरं असतात. नुसतं "हजर" म्हटलं, तर पुढे मतदानात तटस्थ राहता येतं. "हजर आणि मतदान करणार" म्हटलं, की हो किंवा नाही, दोन्हींतलं एक निवडावंच लागतं. आदल्या दिवसाच्या यशाने छोटीच्या अंगात वारं शिरलं होतं. ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "हजर आणि मतदान करणार!" अध्यक्षांनी वहीत नोंद केली.

दुपारी तिचा फोन थरथरला. ती मला टेबलावर ठेवून दारापाशी गेली. आईचा आवाज मोठा, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अगं, भाऊजी उद्याच येतायत न्यायला. तू तेव्हा काही बोलू नकोस हं. आजोबांना उगाच आशा लागते. माझ्याने आता होत नाही गं छोटे, घरकाम आणि आजोबांचं, दोन्हीकडे पळून पळून कंबर मोडली माझी."

छोटी बाहेर जिन्यात जाऊन बसली असावी, कारण बराच वेळ आली नाही. इकडे राजदूताने दुरुस्ती मांडली. 'विचारल्याशिवाय हलवू नये' काढून त्या जागी 'कळवून हलवावं' घातलं. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाचा आक्षेप?" आणि सभागृहभर नजर फिरवली. मी तिथेच होते हो, समोर, पहिल्या रांगेत. पण पाटीला स्वतःहून वर जाता येत नाही. हातोडी पडली, दुरुस्ती मंजूर.

छोटी परत आली आणि तिने ठरावाचा नवा कागद वाचला.

"अरे, माझं कलम?"

"आहे की! फक्त जरा मऊ केलंय," राजदूत कुजबुजला. "त्याच्यामुळे आणखी सात मतं वळली आपल्याकडे. आता तुझं एक मिळालं की ठराव पास. पडला तर कॉलेजचा करंडक गेला, आणि सगळे तुझ्याकडेच बघतील. बघ बाई."

मतदान सुरू झालं. आमचं नाव पुकारलं गेलं.

"तटस्थ," छोटी पुटपुटली.

"तुम्हाला तटस्थ राहता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "सकाळी काय म्हणालात ते वहीत आहे. बाजूने की विरोधात?"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. तिचा हात वर गेला, आणि त्या हातात मी. बाजूने. माझ्या अंगावर ज्यांच्या देशाचं नाव, त्यांनाच न विचारता उचलून न्यायला मी संमती दिली. टाळ्या वाजल्या. कुणीतरी छोटीची पाठ थोपटली. मला चुरगळून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन तिने आजोबांपुढे सगळं ओकून टाकलं. मला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि रडत म्हणाली, "ही वर धरली की बोलायला मिळतं, आजोबा. मी धरली, पण भलत्याच वेळी." आजोबांनी डाव्या अंगठ्याने माझी वाकडी कड चाचपली. मला त्यांनी परत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. वाईट माणूस नाही. आल्या आल्या वडिलांच्या पाया पडला, औषधांची पिशवी स्वतः भरली, छोटीच्या आईला म्हणाला, "आता तुम्ही जरा आराम करा." तिकडे मोठी खोली होती, दिवसभराची मदतनीस ठरवलेली होती. सगळं शहाणपणाचंच होतं. म्हणूनच कुणाला काही बोलता येईना.

"चला, निघू या?" काका म्हणाला.

आणि आजोबांनी डाव्या हाताने मला वर धरलं.

काकाला वाटलं, पाटी सोबत न्यायचीय. "घ्या, घ्या, ही पण घ्या," तो हसून म्हणाला. छोटीला मात्र कळलं. ती दारात आडवी उभी राहिली.

"थांबा. आजोबांना बोलायचंय."

"बाळा, त्यांना बोलता येत नाही."

"मान हलवता येते. त्यांना विचारा."

"परवाच सांगितलंय मी त्यांना सगळं, फोन कानाला लावून."

"सांगितलंत. विचारलं नाहीत."

असा आवाज मी तिचा सभागृहातही ऐकला नव्हता. छोटीचे बाबा पायांकडे बघत राहिले. आईने पदर तोंडाला लावला. ज्याने आयुष्यभर कुणाही उतारूसाठी घंटी वाजली की बस थांबवली, तो माणूस हात वर करून बसला होता, आणि विचारायची कुणाची छाती होईना. विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर? मग काय करायचं, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. काकाने हळूच छोटीला खांद्याला धरून बाजूला केलं.

आता मी सातव्या मजल्यावर असते. इथल्या खिडकीतून आभाळ दिसतं, रस्ता दिसत नाही. माझी घडी फाटत आलीय, चिकटपट्टीवर जीव धरून आहे. रोज कुणी खोलीत आलं की आजोबा मला वर धरतात. मदतनीस बाई हसून मला काढून घेतात, टेबल पुसतात, पुन्हा ठेवतात. छोटीचा फोन येतो. ती "आजोबा" म्हणते आणि पुढे तिला बोलवत नाही.

मी काही फार दिवसांची सोबतीण नाही. पण आत्ता, तुम्ही हे वाचताय तेव्हाही, मी वर आहे. त्यांचं कोपर गादीवर टेकलंय, तरी मला खाली घेत नाहीयेत. खोलीत दुसरं कुणी नाही. तुम्ही तरी विचारा.