घडीचं टमाटं

"रंगनाथा, उचल ते पाणचट टमाटं," मी लेकाला म्हणाले. "बापानं थुंकून टाकलं, तेच त्याच्या पिंडावर ठिवतूस व्हय?"

सीना नदीच्या काठावर माझ्या मालकांचा दहावा चालला होता. ऊन डोक्यावर आलं तरी कावळा शिवत नव्हता. समोरच्या बाभळीवर कावळ्यांची ही गर्दी. एखादा खाली उतरायचा, पिंडाभोवती फिरायचा, मान वाकडी करून बघायचा आणि परत जाऊन बसायचा. बापाला आवडायची म्हणून रंगनाथानं टमाट्याची भाजी ठेवली होती. भाजी कसली, तांबडं पाणी.

"आई, टमाटंच हाय की ते. आबांना टमाटं लई आवडायचं."

"तुला जीभ हाय का चपलेचं कातडं?"

आमच्या केडगावच्या मळ्यात तीन जातींची टमाटी होती. जुन्या बाया त्यांना बेलवांगी म्हणत. एक बोरासारखं बारीक. दाताखाली फुटलं की डोळा मिटलाच पाहिजे, इतकं आंबट. ते आमटीला. दुसरं पिवळं. गुळचट, त्याला ना धार ना ठसका. मला कधी आवडलं नाही, पण लहान पोरांना आणि दात पडलेल्यांना चालायचं. आणि तिसरं घडीचं. लुगड्याच्या निऱ्या बसवाव्यात तशा त्याला देठापासून घड्या. दिसायला बेंगरूळ, सकाळी तोडलं तर संध्याकाळी तडकणारं. पण निखाऱ्यावर भाजून, मीठ-मिरची घालून भाकरीवर फोडलं की आधी आंबट लागायचं, मग खारट, आणि घास गिळल्यावर घशाशी थोडी गोडी यायची. तोडणाऱ्या हाताला त्याचा वास निजेपर्यंत राहायचा. मालकांना ताटात ते नसलं की जेवण जेवणच वाटायचं नाही.

लढाई सुरू झाली आणि नगरच्या पलटणीच्या कॅम्पाला भाजीपाला लागू लागला. ठेकेदारानं डब्यातलं बी आणून रंगनाथाच्या हातात दिलं. त्याची टमाटी गोल, गुळगुळीत, सगळी एका मापाची. खोक्यात भरून लॉरीतून आपटत नेली तरी फुटायची नाहीत. गोरे म्हणे त्यांच्या चकत्या करून पावात घालतात. घालोत बापडे. मी एक चावून पाहिलं. ओला कापूस चावावा तसं. सालीचा चोथा जिभेवर राहिला, तो गोठ्यापाशी थुंकले. म्हशीनंसुद्धा हुंगून तोंड फिरवलं.

मालक तापानं अंथरुणाला खिळले आणि रंगनाथानं तेवढ्यात माझे वाफे खणून तिथं कॅम्पाची रोपं लावली. कुदळीचा आवाज त्यांनी पडल्या पडल्या ऐकला. शेवटी शेवटी त्यांनी भाजलेलं टमाटं मागितलं, तर सुनेनं, पुष्पावतीनं, कॅम्पाचं भाजून दिलं. त्यांनी ते थुंकलं, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग काही मागितलं नाही.

त्याच भिंतीवर निदान बी तरी होतं. तिन्ही जातींचं, राखेत मळून शेणाच्या सारवणावर थापलेलं. पण मयत झालं की घर सारवून काढायचं असतं. माझी धाकटी जाऊ भागूबाई पुढे झाली आणि तिनं सगळी भिंत खरवडून नवं शेण फिरवलं. मी कोपऱ्यात डोक्यावर पदर घेऊन बसलेली. मला कळेपर्यंत खरवड उकिरड्यावर आणि कोंबड्या त्या खरवडीवर. "आक्का, भिंत किती घान झाल्ती गं," असं वर मलाच ऐकवलं. मूळ बी आलं होतं माझ्या माहेराहून, पण आता तिथला मळाच मोडलेला. केडगावात तर घरोघर कॅम्पाचीच टमाटी.

राहिलं होतं ते मोरीच्या पाण्यावर आपसूक उगवलेलं एक झाड. पानं कोकडलेली, पुढे काही धरेल अशी आशा नाही. त्याला एकच घडीचं फळ. मालक मागत होते तेव्हा ते हिरवं होतं. दहाव्याच्या दिवशी सकाळी बघते तो पिकलेलं. मी तोडलं, ओच्यात बांधलं आणि कोणाला बोलले नाही. कोणासाठी तोडलं ते माझं मलाच ठरत नव्हतं.

काठावर सगळ्यांची कावळ्याशी बोलणी सुरू झाली.

"आबा, आईला अंतर देनार न्हाई," रंगनाथ हात जोडून म्हणाला. कावळा ढिम्म.

"मळा विकनार न्हाई." ढिम्म.

मालकांचा चुलतभाऊ आसाराम, त्यानं तंबाखू काढून पिंडाजवळ ठेवली. "पुंजादादा, मळून ठिवलीया. या."

मला शिसारी आली. अडलेल्या बैलाला चुचकारावं तसं मेलेल्या माणसाला चुचकारत होते.

"आक्का, तुमच्या ओच्यात काय हाय?" भागूबाईचे डोळे नको तिथे बरोबर पोचतात.

मी टमाटं बाहेर काढलं.

"घडीचं!" रंगनाथ ओरडलाच. "आगं आई, मग बसून काय ऱ्हायलीस? ठिव की! आता बग कसा शिवतो."

क्रियाकर्म सांगायला आलेले दत्तोपंत धोतर सावरत मागे सरकले. "लांबून हो, लांबून. आमच्यात चालत नाही ते. मांसासारखं दिसतं."

"तुमाला कोन देतंय?"

"वहिनी," आसारामानं अक्कल पाजळली, "बी पिळून घ्या आन् वरलं ठिवा. दोगांचं बी भागंल."

कशाचं भागतंय! टमाट्याची चव काय नुसत्या गरात असते? ती असते बियांभोवतीच्या बुळबुळीत पाण्यात. ते काढून घेतलं की मागे राहतं ते कॅम्पाचंच टमाटं. ते ठेवून नवऱ्याला दुसऱ्यांदा फसवायचं? ठेवायचं तर अख्खं, नाहीतर नाही.

तेवढ्यात एक कावळा खाली उतरला. पिंडाकडे गेला नाही. माझ्यापासून चार हातांवर येऊन बसला आणि माझ्या हातातल्या टमाट्याकडे बघत राहिला. ओळखलं असावं त्यांनी.

मी पदर पुढे ओढला. जन्मात त्यांचं नाव घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही.

"ऐकताय का," मी म्हणाले. "जलमभर पयलं टमाटं तुमच्या ताटात वाढलं. उरलं तर मी खाल्लं. ह्ये एक न्हाई देनार."

आणि त्याच्यासमोर मी ते डाव्या मुठीत फोडलं. कावळा उडाला.

"बया!" भागूबाई म्हणाली. "बियापायी नवऱ्याला उपाशी धाडला."

"तू भिंत खरवडली नसतीस तर जेवून गेला असता. गप बस."

दत्तोपंतांनी वेळ निघून चालल्याचं सांगितलं. दर्भ वळून त्याचा कावळा केला, चोच काढली आणि पिंडाला टेकवली. झालं, शिवला. गवताच्या कावळ्याला ती तांबड्या पाण्याची भाजी गोड लागली. भावकी धोतरं झटकत उठली.

"बाई, तुम्ही नमस्कार करा."

मी पुढे झाले आणि उजवा हात कपाळाला लावला.

"आई, दोनी हात जोड गं," रंगनाथ कानाशी येऊन म्हणाला. "लोकं बगत्यात."

बघू देत. मी मूठ उघडली नाही. एका हातानंच वाकले. बांगड्या उतरवलेल्या मनगटावरून आंबट पाणी कोपरापर्यंत ओघळत गेलं.