पद्माबाईच्या मुठीतलं सरतं

मी एक जुनं सरतं आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. पेरणीयंत्रं आली म्हणून मी काही सरपण झालं नाही. पोकळ वेळूची नळी, वर लाकडाची वाटी, एवढंच माझं अंग. तिफण पुढे चालते, दोरीने बांधलेलं मी मागे. बाई एका हाताने मला धरते आणि दुसऱ्या मुठीतून तुरीचं बी माझ्या वाटीत सोडते.

सेनगावच्या सुताराने मला घडवलं, पण शहाणं केलं ते पद्माबाईने. तिचा उगवलेला तास, म्हणजे पेरलेली एकसारखी ओळ, बघायला शेजारचे धुऱ्यावर, बांधाशी थांबायचे. तिलाही ते ठाऊक होतं. "बघा, बघा. नुसतं बघून येतं व्हय?" म्हणायची.

मग तिची बोटं सुजू लागली. सकाळी मूठच मिटेना. तिचा लेक योगेश तिला हिंगोलीच्या डॉक्टरला दाखवून आला; डॉक्टरशी बोलला तोच.

"वाताचं दुखणं हाय, आई. पेरणीपर्यंत बरी व्हशील."

तिने विश्वास ठेवला. गोळ्या गिळल्या आणि त्याच दुखऱ्या बोटांनी मला तेल चोळत राहिली. मीही वाट पाहिली.

पेरणीच्या दिवशी ती ओटीत तूर घेऊन रानात आली, तर मला हातात घेऊन तांड्यावरची पेमा उभी.

"योगेशदादानं आता दरसाल मलाच सांगितलंय, काकी."

"दरसाल? काहून?"

"डाक्टर म्हणले न्हाई का, तुमचा हात पयल्यावाणी व्हईल का न्हाई, सांगता येत न्हाई…" पेमा चाचरली. "समद्यांला म्हाईत हाय."

पद्माबाई लेकाकडे वळली. "समद्यांला म्हाईत! अन् हात माहा!"

"तू खचशील म्हणून न्हाई सांगितलं, आई."

"मी खचीन? तुला पाठीला बांधून पेरलंय म्या! 'सांगता येत न्हाई', एवढंच सांगायचं व्हतं की रे."

हात फितूर झाले, ते मी सोसलं असतं. इथे तर पोटचा लेक फितूर झाला.

तिने मला ओढून घेतलं आणि एक तास पेरला. मूठ मिटेना. बी कुठे ढिगाने पडलं, कुठे पडलंच नाही. धुऱ्याशी येऊन तिने मला पेमाकडे दिलं.

"आज तू पेर. उद्या मूठ मिटली तर मी, न्हाई तर तू. पण ते मी सांगीन. यानं न्हाई."

तो तास अजून रानात आहे. कुठे झुबका, कुठे टक्कल. योगेश तो मोडायला निघाला, तर म्हणाली, "राहू दे. येता-जाता तुला दिसंल."

आता मी तिच्या उशाशी असतं. रोज सकाळी ती माझ्याभोवती बोटं वळवून बघते. कधी मूठ मिटते, कधी नाही. पुढचं डॉक्टरला कळत नाही, तर मला कुठून कळणार?

मित्रांनो, मला उन्हात टाकू नका, वेळू तडकतो. आणि घरात कुणाला दुखणं लागलं, तर ते आधी त्याला सांगा. मग गावाला.