अंगठ्याएवढी जागा

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. नाण्याएवढी, टायटॅनियम धातूची, अंगावर हाडातल्या खनिजाचा पातळ लेप असलेली.

माणसाच्या खुब्यात धातूचा सांधा बसवतात. हाडाने त्याला आपलं मानलं नाही, तर तो सैल होतो. लेप दिला तर हाडाच्या पेशी त्याला धरून ठेवतील का, हे पाहायला मला घडवलं. पाहणारी होती प्रयोगशाळेतली एक बाई. तिच्या वडिलांचाच सांधा सैल झाला होता. ते शिंपी. शिलाई मशीनवर पाय चालेना, तेव्हापासून त्यांचा जीव कशात रमेना.

एकदा ते काठी टेकत तिचा विसरलेला डबा घेऊन आले. मी नुकतीच धुऊन ठेवलेली. त्यांनी मला उचललं आणि कापड पारखावं तसा अंगठा दाबून पाहिला.

"अस्तर छान बसलंय गं."

"बाबा, उघड्या हाताने नाही हो. आता ही बाद झाली."

"बरं, राहिलं. माझ्या मापाचं कधी करतेस?"

"करणार ना. थोडी कळ काढा."

मला टाकून देणं मात्र तिच्या जिवावर आलं. माझ्यासारख्याच घडवलेल्या बहिणींबरोबर माझ्यावरही तिने हाडाच्या पेशी सोडल्या. आधी त्या परक्या घरी आल्यासारख्या अंग चोरून होत्या. मग हातपाय पसरून ऐसपैस बसल्या. कोणी आपल्याला धरून राहणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. फक्त जिथे बोटाचं तेल लागलं होतं, तिथे कोणी फिरकलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या रंगवलेल्या पेशींच्या मधोमध बाबांचा अंगठा रिकामा दिसला. ती खूप हसली. फोटो काढून तिने बाबांनाही दाखवला.

माझ्या बहिणी कसोटीला उतरल्या. तसा लेप दिलेले सांधे आज माणसांच्या अंगात जिने चढतात. पण त्याला फार वर्षं लागली, आणि बाबांना तेवढी मिळाली नाहीत. शेवटपर्यंत ते बंद मशीनशेजारी खुर्ची टाकून बसत. त्यांच्या हाडाने मला धरावं, ही माझी इच्छा तशीच राहिली.

आता मी तिच्या टेबलावर असते. पेशी केव्हाच धुतल्या गेल्या. मित्रांनो, लेप दिलेल्या धातूला उघडा हात लावू नका, असं मी सांगायला हवं. तीही प्रत्येक नव्या माणसाला हेच बजावते. पण कधी कधी ती हातमोजा काढते आणि माझ्यावर नेमका तिथेच अंगठा टेकवते. तेव्हा वाटतं, तिने तो लवकर उचलू नये.